मोर सोळा घरांत बसवताना

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. येवल्यात पैठणीचं दुकान आहे. लोगोत जांभळ्या वर्तुळात मोर, त्याखाली देवनागरीत दुकानाचं नाव आणि नावाखाली बारीक अक्षरांत ‘हातमागावरील अस्सल पैठणी’. प्रेसवाल्याने दिलेली जेपीजी फाइल ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकून आयसीओ, म्हणजे आयकॉनची फाइल, केली. ब्राउझरच्या टॅबमध्ये मोराऐवजी जांभळा डाग दिसतो. काउंटरवरच्या विंडोज मशीनवर बिलिंगच्या शॉर्टकटला तीच फाइल लावली, तर लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. मग पांढरं काढून पीएनजी केली आणि साइटला लावली, तर मुलीच्या आयफोनवर होमस्क्रीनला मागे काळं दिसतं. तुमचं विचारणं असं, की चांगला कन्व्हर्टर कुठला?

मी बावीस वर्षं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आणि वेबसाइटींची कामं करते, आणि हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. तुमच्या तीन तक्रारींपैकी पांढरा चौकोन आणि काळी पाटी या दोन फाइलच्या आहेत, त्या अर्ध्या तासात सुटतील. टॅबमधला डाग मात्र कुठल्याही कन्व्हर्टरने जाणार नाही. तो चित्राचा प्रश्न आहे, आणि खरं काम तिथेच आहे.

टॅबमधला आयकॉन साध्या स्क्रीनवर १६ पिक्सेल रुंद आणि १६ पिक्सेल उंच असतो. तुमची जेपीजी २००० बाय २००० ची आहे असं धरू. २००० ला १६ ने भागलं की १२५. म्हणजे मूळ चित्रातले १२५ गुणिले १२५, एकूण १५,६२५ ठिपके मिळून आयकॉनमधला एक ठिपका ठरतो. मोराच्या पिसाऱ्यातली प्रत्येक रेघ, तुऱ्याची टोकं, ‘हातमागावरील’मधला ‘ह’, सगळं त्या एका ठिपक्यात सरासरी होऊन बसतं. जांभळं, सोनेरी आणि पांढरं यांची सरासरी मळकट जांभळी येते. कन्व्हर्टरने चूक केलेली नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने प्रामाणिकपणे केलं.

तेव्हा या मापाला चित्र लहान करायचं नसतं, त्या मापासाठी ते नव्याने काढायचं असतं. तुम्हाला ही गोष्ट माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुमच्या धंद्यात ती रोजची आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर आणि काठातला छोटा मोर हे एकाच चित्राचे मोठे-लहान छाप नसतात. काठात जेवढे धागे मिळतात तेवढ्यात बसेल असा मोर विणकर वेगळा बांधतो, पिसं कमी करतो, मान जाड ठेवतो. चौकटीच्या कागदावर घर मोजून नक्षी उतरवायची ती रीत आयकॉनला जशीच्या तशी लागू पडते. १९८४ च्या जानेवारीत पहिला मॅकिंटॉश आला, त्याचे आयकॉन सुझन केअर यांनी ३२ बाय ३२ घरांत, चौकटीच्या कागदावर एकेक घर भरूनच तयार केले होते. पुढे १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० साठीही त्यांनी आयकॉन केले. आज स्क्रीन कितीतरी बारीक झाल्या, तरी लहान मापाला त्याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही.

आता आयसीओ फाइल म्हणजे नेमकं काय, ते सांगते, कारण त्यावर पुढचं सगळं उभं आहे. जेपीजी किंवा पीएनजी म्हणजे एक चित्र. आयसीओ म्हणजे मिसळणाचा डबा. वरून झाकण एक, आत वाट्या वेगवेगळ्या. एका वाटीत १६ चं चित्र, दुसरीत ३२ चं, तिसरीत ४८ चं, आणखी एकीत २५६ चं. विंडोजला टायटल बारसाठी लहान चित्र हवं असलं की तो लहान वाटी उचलतो, डेस्कटॉपवर मोठा आयकॉन दाखवायचा असला की मोठी. नेमक्या मापाची वाटी नसेल, तर दुसरी घेऊन ती ताणतो किंवा दाबतो, आणि तिथेच अंधुकपणा शिरतो.

फाइलच्या पोटातही मांडणी अशीच आहे. सुरुवातीला सहा बाइटांचा मथळा, त्यात चित्रं किती आहेत तो आकडा. मग प्रत्येक चित्रामागे १६ बाइटांची एक नोंद: रुंदी, उंची, रंगखोली, चित्र फाइलमध्ये कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे. रुंदीला एकच बाइट दिलेला आहे. एका बाइटात २५५ च्या पुढे जाता येत नाही, म्हणून २५६ मापाच्या चित्राची रुंदी ‘शून्य’ अशी लिहितात. मी पूर्वी स्वतःच आयसीओ बनवणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला होता, तेव्हा दोन रात्री एका गोष्टीवर अडले. जुन्या पद्धतीच्या चित्राच्या मथळ्यात ३२ च्या आयकॉनची उंची ६४ लिहावी लागते. कारण रंगीत चित्राबरोबर पारदर्शकतेचा एकरंगी मुखवटाही ठेवलेला असतो, आणि मथळ्यातली उंची दोघांची मिळून धरतात. विंडोज एक्सपीच्या आधी पारदर्शकता ठरायची ती या मुखवट्यावर. ठिपका एक तर पूर्ण दिसणार किंवा अजिबात नाही, मधलं काही नाही. त्यामुळे त्या काळच्या आयकॉनच्या गोलाईला करवतीसारखे दाते दिसायचे. एक्सपीपासून ठिपक्यागणिक कमी-जास्त पारदर्शकता मिळाली, आणि व्हिस्टापासून २५६ चं चित्र पीएनजी स्वरूपात आत ठेवता येऊ लागलं. त्याने फरक मोठा पडला: २५६ चं पूर्ण रंगीत चित्र न दाबता ठेवलं तर नुसते ठिपकेच २५६ केबी होतात, पीएनजीत सहसा त्याच्या कितीतरी कमी.

बरेच फुकट कन्व्हर्टर काय करतात, तर एकच चित्र घेऊन त्याच्या दाबलेल्या प्रती वाट्यांत भरतात. काही तर एकच वाटी भरून मोकळे होतात. नुसतं फाइलचं नाव बदलून पीएनजीला आयसीओ केलेलंही मी पाहिलं आहे. ब्राउझर अशी फाइल चालवून घेतो, म्हणून माणसाला वाटतं झालं काम. विंडोजचा शॉर्टकट मात्र ती नाकारू शकतो. तुमच्या फाइलमध्ये किती वाट्या आहेत हे बघायचं असेल तर ती गिंप या चित्रांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. जेवढी चित्रं तेवढे लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, दिसतील.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, जेपीजी बाजूला ठेवा. जेपीजीला पारदर्शकता माहीतच नाही. तुमचा पांढरा चौकोन म्हणजे कागदाचा पांढरा रंग, तो फाइलमध्ये रंग म्हणूनच भरलेला आहे. शिवाय जेपीजी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे पाडून दाबते, त्यामुळे धारदार कडांभोवती मळ साचतो. आणि मूळ चित्रात कडेचे ठिपके जांभळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणाचे असतात. पांढरं ‘काढलं’ तरी ते फिके ठिपके मागे राहतात आणि काळ्या टास्कबारवर मोराभोवती फिकट कडं चमकतं. ते खोडरबराने पुसत बसू नका, त्यात दिवस जातो आणि कड खडबडीत होते.

त्यापेक्षा प्रेसवाल्याला फोन करा आणि कोरलची मूळ फाइल मागा. आपल्याकडे व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक, पिशव्या यांचं डिझाइन बहुतेक कोरल ड्रॉमध्येच होतं, तेव्हा ती त्यांच्याकडे असण्याची शक्यता चांगली आहे. फाइल देण्याआधी त्यांना एवढंच सांगा, की मजकूर ‘कर्व्ह’ करून द्या. हे विसरू नका. प्रेसमध्ये मराठी मजकूर अजूनही अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बसवलेला असतो. तो फाँट तुमच्या कॉम्प्युटरवर नसला की दुकानाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. कर्व्ह केल्यावर अक्षराचा आकार होतो, मग फाँट असो-नसो. त्यांच्याकडूनच एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकार साठवणारी आणि कितीही लहान-मोठी करता येणारी फाइल, करून घेता आली तर उत्तम. नाही तर इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर कोरलच्या बऱ्याच फाइली उघडतं. मूळ फाइल मिळालीच नाही, तर इंकस्केपमध्ये जेपीजी खाली ठेवून वरून मोर नव्याने गिरवा. आपोआप ट्रेस करण्याची सोय आहे, पण ती जेपीजीतला मळही मनापासून गिरवते. हाताने गिरवलेला मोर दोन-तीन तासांत होतो आणि आयुष्यभर पुरतो.

आता मोर. चारही मापांत काय ठेवायचं, काय सोडायचं, हा निर्णय कुठलंही सॉफ्टवेअर घेणार नाही.

२५६ ला पूर्ण लोगो घ्या, पण ‘हातमागावरील अस्सल पैठणी’ ही ओळ काढा. माझं मत विचाराल तर नावही काढा. आयकॉनच्या खाली विंडोज नाव लिहितोच, टॅबमध्ये आयकॉनच्या शेजारी पानाचं नाव असतंच. तेच नाव चित्रात परत, आणि तेही न वाचता येणारं, कशाला? ४८ ला पिसारा गेला. मोराचं अंग, मान, तुरा, आणि हवं तर पिसाचा एक डोळा. ३२ ला फक्त मान आणि डोकं. १६ ला मानेचा बाक, चोच आणि तुऱ्याचे तीन ठिपके. एवढंच. तुम्हाला वाटेल मोर ओळखू येईल का? येतो. पक्ष्याच्या मानेचा तो बाक आणि वर तीन ठिपके दिसले की आपल्या माणसाचा डोळा बाकीचा मोर स्वतः भरतो. पिसारा मात्र १६ मध्ये नेला की तो झाडू दिसतो.

रंगही उलटे करा. पांढऱ्यावर जांभळ्या रेघा नकोत. पूर्ण जांभळी पाटी आणि तिच्यावर जरीच्या पिवळ्या रंगात भरीव मोर. बारीक रेघेपेक्षा भरीव आकार लहान मापाला कितीतरी जास्त टिकतो. यात आणखी एक फायदा आहे. हल्ली अनेकांचे ब्राउझर डार्क मोडमध्ये असतात. पारदर्शक जागेवरचा गडद जांभळा मोर काळ्या टॅबवर गडप होतो, पण स्वतःची पाटी घेऊन आलेला मोर पांढऱ्यावर आणि काळ्यावर सारखाच उठून दिसतो.

१६ चं चित्र काढताना घरं मोजायचे तीन नियम मी पाळते. उभ्या आणि आडव्या सरळ रेघा बरोबर पिक्सेलच्या कडेवर सुरू झाल्या पाहिजेत. एक पिक्सेलची रेघ दोन पिक्सेलांच्या मधोमध पडली, तर दोन्ही अर्धवट रंगतात आणि एका ठसठशीत रेघेच्या जागी दोन फिक्या रेघा येतात. अंधुक आयकॉनचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. दुसरं, १६ ही सम संख्या आहे. तिच्या बरोबर मध्ये एक पिक्सेलची रेघ बसूच शकत नाही, मधली रेघ दोन पिक्सेलचीच घ्यावी लागते. तिसरं, आतली पोकळी दोन पिक्सेलपेक्षा कमी ठेवायची नाही, ती बुजते. गोलाईच्या कडेला मधल्या छटेचे ठिपके चालतात, सरळ रेघेला अजिबात नाही.

मोराऐवजी दुकानाच्या नावाचं आद्याक्षर घ्यायचा विचार मनात आला असेल, तर देवनागरीचं गणित वेगळं आहे आणि ते इंग्रजीतल्या मार्गदर्शनात फारसं सापडत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. रोमन लिपीचं मोठं अक्षर चौकटीची पूर्ण उंची वापरतं. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, वर वेलांटी-मात्रा आहेत, खाली उकार आहेत. कडेला एकेक पिक्सेल मोकळा सोडला तर हातात १४ उरतात. शिरोरेषेला दोन. वर वेलांटी असेल तर तिला निदान तीन. अक्षराच्या अंगाला उरले नऊ. खाली उकार आला की पाच-सहा. एवढ्यात काहीही वाचता येत नाही. म्हणून मात्रा नसलेलं एकच अक्षर घ्यावं. ‘क’ फार छान बसतो: दांडा बरोबर मध्ये, दोन पिक्सेलचा, आठव्या-नवव्या घरात, डावीकडे पोकळीसकट गोल, उजवीकडे आकडी. ‘प’, ‘म’, ‘ग’, ‘ट’, ‘र’ हे सगळे गुणी. ‘श्री’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांचा १६ मध्ये हट्ट धरू नये. ‘श्री’ आपल्याला कितीही प्रिय असली तरी तिची गाठ आणि वेलांटी या मापात एकमेकींत मिसळतात. ३२ पासून पुढे ती नीट येते. फाँट जाड घ्या. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत आणि त्यांची जाड वजनं या कामाला चांगली. पण फाँटमधून आलेलं अक्षरही १६ च्या चौकटीत आल्यावर घर मोजून हाताने दुरुस्त करावंच लागतं. शिरोरेषा दीड पिक्सेलची आली असेल तर ती दोनची करा. अक्षराचा आत्मा तिथे आहे.

चित्रं तयार झाली की जोडणी सोपी. चार पीएनजी करा: १६, ३२, ४८ आणि २५६. जमलं तर २४ चीही पाचवी करा. विंडोज ११ च्या टास्कबारमध्ये साध्या मापाला २४ लागते, आणि स्क्रीनचं स्केलिंग १५० टक्के ठेवलेल्या लॅपटॉपवर जिथे १६ लागायची तिथे २४ लागते. आता गिंपमध्ये ‘ओपन ॲज लेअर्स’ वापरून सगळ्या एकत्र उघडा आणि आयसीओ म्हणून एक्स्पोर्ट करा. प्रत्येक लेअर एक वाटी होतो. एक्स्पोर्टच्या खिडकीत प्रत्येक मापापुढे पीएनजीत दाबायची खूण असते. ती फक्त २५६ ला करा, लहान मापांना नको. त्याचं कारण मला अनुभवाने कळलं. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये होतं. मी सगळी मापं पीएनजीत दाबून सुरेख आयकॉन केला, आणि व्हिज्युअल बेसिकने तो ‘चित्र अवैध’ म्हणून परत केला. गाळप सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. शेवटी त्याच्यासाठी जुन्या पद्धतीची, कमी रंगांची वेगळी फाइल केली. तुमचं बिलिंगही कुणी फार पूर्वी लिहून दिलेलं असेल, तर प्रोग्रामच्या आतला आयकॉन बदलायच्या भानगडीत पडू नका. शॉर्टकटचाच बदला, तो नव्या पद्धतीची फाइल आनंदाने घेतो.

शॉर्टकटवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन, आणि आपली फाइल निवडायची. पण आधी ती फाइल कायमच्या जागी ठेवा, बिलिंगच्याच फोल्डरमध्ये. शॉर्टकट चित्र स्वतःत साठवत नाही, फक्त फाइलचा पत्ता लक्षात ठेवतो. पेनड्राइव्हवरून लावला आणि पेनड्राइव्ह काढला, की आज ना उद्या कोरा पांढरा आयकॉन दिसणार. आणि बदल करूनही जुनाच मोर दिसत राहिला तर घाबरू नका. विंडोज आयकॉन साठवून ठेवतो. नव्या फाइलला नवीन नाव द्या आणि परत लावा, साठवलेलं शोधून पुसत बसण्यापेक्षा ते सोपं.

आता वेबसाइट. टॅबमधल्या आयकॉनला फेव्हिकॉन म्हणतात. तो आला १९९९ मध्ये, इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर. तेव्हा एखादी साइट ‘फेव्हरिट्स’मध्ये टाकली की ब्राउझर साइटच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, ‘फेव्हिकॉन’ नावाची आयसीओ फाइल शोधायचा, नाव तिथून पडलं. साइटवाले सर्व्हरच्या नोंदीत त्या फाइलची मागणी किती वेळा झाली हे मोजून किती जणांनी साइट जपून ठेवली याचा अंदाज घ्यायचे. आज तो अंदाज निघत नाही, पण ब्राउझर अजूनही मुळाशी ती फाइल शोधतात. म्हणून १६, ३२ आणि ४८ च्या वाट्यांची आयसीओ तिथे ठेवाच. २५६ ची वाटी वेबच्या फाइलमध्ये नको, उगाच वजन.

तुमची साइट वर्डप्रेसवर आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथे एक अडचण आहे. आवृत्ती ४.३ पासून, म्हणजे २०१५ पासून, वर्डप्रेसमध्ये ‘साइट आयकॉन’ची सोय आहे. तो निदान ५१२ चं चौरस चित्र मागतो आणि त्यातून ३२, १८०, १९२ अशा प्रती स्वतः कापतो. म्हणजे टॅबसाठीचं लहान चित्रही मोठ्यातूनच दाबलं जातं, तुम्ही हाताने काढलेला मोर तिथे वापरला जात नाही. साइट करून देणाऱ्याला थीममध्ये दोन ओळी बदलून तुमच्या फाइलींचे पत्ते द्यायला सांगता आले तर छानच. ते शक्य नसेल तर ५१२ च्या चित्रात पूर्ण लोगो टाकू नका. १६ साठी ठरवलेला साधा मोर, मान-चोच-तुरा एवढाच, ५१२ मापात स्वच्छ काढून तो द्या. मोठ्या मापात साधं चित्र वाईट दिसत नाही. लहान मापात गुंतागुंतीचं चित्र मात्र नक्की वाईट दिसतं.

आयफोनची काळी पाटी ही पारदर्शकतेमुळे आली. होमस्क्रीनच्या आयकॉनमधली पारदर्शक जागा आयफोन काळ्याने भरतो. त्याला १८० बाय १८० ची, कुठेही पारदर्शक नसलेली पीएनजी द्या, जांभळा रंग चारही कोपऱ्यांपर्यंत. कोपरे तुम्ही गोल करू नका, फोन स्वतः करतो. दोघांनी गोल केले तर कोपऱ्यांत वेगळ्या रंगाच्या चकत्या दिसतात.

अँड्रॉइडला १९२ आणि ५१२ अशा दोन लागतात, त्या साइटच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे साइटचं नाव आणि आयकॉन फोनला सांगणाऱ्या छोट्या फाइलमध्ये, नोंदवायच्या. अँड्रॉइडचे फोन आयकॉन आपापल्या आकारात कापतात, कुणी गोल, कुणी गोलसर चौकोन. त्यासाठी कापायला परवानगी असलेली एक वेगळी ५१२ ची प्रत द्यायची आणि मोर मधल्या ८० टक्के व्यासाच्या वर्तुळात ठेवायचा. ५१२ मध्ये ते वर्तुळ जेमतेम ४०९ पिक्सेलचं. तुरा त्याच्या बाहेर गेला तर काही फोनवर मोर बोडका दिसेल.

एसव्हीजीचा फेव्हिकॉन क्रोम आणि फायरफॉक्समध्ये चालतो, आणि त्यात डार्क मोडसाठी वेगळे रंग देता येतात. पण तुमची पाटीच जांभळी असल्यावर त्याची घाई नाही. मॅकवर लावायचा असेल तर तिथे आयसीएनएस हा वेगळा डबा लागतो, १६ पासून १०२४ पर्यंत. लिनक्सवर एसव्हीजी आणि ४८ ची पीएनजी पुरते. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, म्हणून लांबवत नाही.

गुगलच्या निकालांत नावाशेजारी तुमचा आयकॉन दिसावा असं वाटत असेल, तर तो चौरस असावा आणि ४८ पेक्षा मोठा असलेला बरा, आणि मुखपृष्ठावर त्याचा पत्ता दिलेला असावा. बदल दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, तोवर रोज फाइल बदलत राहू नका. ब्राउझरही फेव्हिकॉन चिवटपणे साठवून ठेवतो. नवी फाइल चढवली की तिच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा आकडा जोडा, म्हणजे ब्राउझर तिला नवी समजतो.

आणि तपासणी मोठं करून पाहून करू नका. १६ चं चित्र आठशे टक्के मोठं करून सगळ्यांना आवडतं. ते खऱ्या मापात ठेवा, टॅबमध्ये आणखी वीस टॅब उघडा, आणि काउंटरच्या पलीकडे ग्राहक बसतो तिथून बघा. लोगो बनवताना जवळ नसलेल्या एखाद्याला, विणकरांपैकीच कुणाला तरी, विचारा की हे काय आहे. ‘मोर’ म्हणाले तर फाइल चढवा. ‘बदक’ म्हणाले तर तुऱ्याचे ठिपके एक घर वर न्या, मान एका घराने बारीक करा आणि परत विचारा.

१६ ची पीएनजी तयार झाली की मला नक्की दाखवा, मी घरं मोजून देईन.